पहिली मोजणी

ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळी करायची, रबर लावायचं,
चौथ्या दिवशी उलगडून पहिली मोजणी.
एकवीस वर्षं हेच करतोय मी
जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत.
नवरा काय करतो असं कुणी विचारलं
की तू सांगायचीस,
"मोड मोजतेत आमचे हे."

दवाखान्यात काचेबाहेर बसून
तेच केलं.
फळ्यावर नर्स लिहायची पांढऱ्या पेशी :
शंभर.
शंभर.
शंभराच्या खाली.
दहाव्या दिवशी तुला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती.
पाटीवर लिहिलंस,
घरचं पाणी आलं का?
आपल्या गल्लीत नवव्या दिवशी नळ येतो.
तुला नळाची पाळी पाठ,
मला तुझ्या गोळ्यांची.

केवढीशी पिशवी होती ती.
विहिरीच्या पाण्यावरून सहा वर्षं
तू आणि गंगाधर बोलला नव्हतात.
तो अंबडहून पहिल्या एसटीनं आला,
दोन्ही हातांत सुया घेऊन
चार तास छताकडं बघत पडून राहिला,
आणि जाताना मला म्हणाला,
"भाऊजी, मी रडलो ते तिला सांगू नका."
मी त्याच संध्याकाळी सांगितलं.
तू पाटी मागितलीस :
दिलंच की शेवटी पाणी.

सतराव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एन्ग्राफ्टमेंट झालं.
माझं तोंड बघून समजावायला लागल्या,
म्हणजे बघा, भावाच्या पेशी तिच्या हाडांत...
"रुजलं," मी म्हणालो.
"हो," त्या म्हणाल्या, "रुजलं."
मी जिन्यात जाऊन बसलो.
किती वेळ, माहीत नाही.
वॉचमननं उठवलं.

आता घर.
तुळस नसरीनभाभींच्या ओट्यावर आहे,
मातीची कुंडी आत नको म्हणून.
त्या रोज न चुकता पाणी घालतात.
दही बंद, कच्ची कोथिंबीर बंद,
आलं-गेलं माणूस उंबऱ्याच्या बाहेर.
मी कामावरून आलो की आधी मागच्या मोरीत,
नखांतला बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग
ब्रशनं घासून काढतो,
मग तुझ्या खोलीत.
लॅबमध्ये एका जरी गुंडाळीला बुरशी दिसली
तर सरळ टोपलीत टाकतो आम्ही.
परवा टाकवली नाही.
हातात धरून उभा राहिलो.
पोरं बघायला लागली.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही.
त्रेचाळिसाव्या रात्री थर्मामीटरनं
शंभर पॉइंट चार दाखवलं.
तेवढा ताप आला की लगेच निघायचं,
हे कागदावर लाल शाईत होतं.
मी तो पुसला, पुन्हा लावला.
पुन्हा तेच.
पुन्हा लावला.
मला परत त्या काचेबाहेर बसायचं नव्हतं.
वीस मिनिटं गेली त्यात,
तुझ्या अंगातली, माझ्या दमण्यापायी.
मग गाडीला फोन केला.

सहाव्या महिन्यात तुझा रक्तगट बदलून आला.
ओ गेला, बी आला.
स्वभावही आला मागोमाग, मी म्हणतो.
काल कुकरची चौथी शिट्टी झाली
तशी आतून ओरडलीस,
"किती शिजवायलाव ओ, लगदा करायलाव का!"
हुबेहूब गंगाधर.
असं म्हटलं तर चिडलीस,
मग हसलीस,
मग हसून दमलीस आणि भिंतीला टेकलीस.
हसण्यानं दमतेस अजून.

कानामागं केस फुटलेत,
भुरे, वेडेवाकडे.
बघू म्हटलं तर पदर ओढून घेतेस.

रात्री अडीचला नळ आला.
अंधारात भरत होतो एकेक घागर,
सकाळी ते सगळं वीस मिनिटं उकळायचं.
मला वाटलं तू झोपलीस.
तू आवाजावरून मोजत होतीस.
"ओ," आतून म्हणालीस,
"सहावी अर्धीच भरली."