हुंकार

व्हर्लीन टिस्डेल साखळी न काढताच दार उघडते.
"पोस्टात होतास ना तू? फ्रँक्सटाउन अव्हेन्यूला?"
होतो. एकतीस वर्षं. होमवुडमधली एकेक पायरी
माझ्या गुडघ्यांना तोंडपाठ आहे.
मग साखळी निघते.

तळघरात दुधाचे क्रेट, आणि ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा तो वास
ज्याच्यामागे मी तीन राज्यं पालथी घातली.
बोटं चालू लागतात, पत्रं लावायची तीच सवय :
गॉस्पेल, गॉस्पेल, ख्रिसमस, पुन्हा ख्रिसमस,
आणि एकदम
सॅक्सोफोनवर वाकलेला माणूस, निळा,
एक कोपरा उंदराने खाल्लेला.
अठ्ठावन्न साल. मोनो. पहिली छपाई.
वजन तळहाताला आधी कळतं.
दिव्याखाली तिरकी धरतो :
लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत
सुईने कोरलेलं ते इवलंसं अक्षर
आहे.
मी चेहरा कोरा ठेवतो.

"लाव," ती म्हणते, "विकण्याआधी एकदा."

तिच्या प्लेअरच्या दांडीवर वजनाला नाणं चिकटवलेलं.
माझा जीव खालीवर.
पण ड्रम कोसळतो, ट्रम्पेट त्यातून उठतं,
शनिवारच्या रात्री कुणी रविवारचं चर्च उघडावं तसं.
मग सगळे थांबतात. बास एकटाच चालतो,
अंधारात जिना चाचपत उतरणाऱ्यासारखा,
आणि दोन सुरांमधल्या फटीत
कुणीतरी म्हणतं :
हं.

"ते माझे वडील.
वाजवणारे नव्हेत. त्यांच्या गाडीत बास मावायचा.
रात्रभर गाडी हाकली, मग कोपऱ्यात बसवलं,
गप्प बस म्हणाले.
बसले की. एवढं सोडून."

कव्हरमागची नावं मला पाठ आहेत,
फोटो काढणाऱ्यासकट. टिस्डेल त्यात नाही.
याच रेकॉर्डच्या दोन प्रती आहेत घरी, नंतरच्या, लख्ख.
बावीस वर्षं मी त्या आवाजाला
खुर्चीची कुरकुर समजत होतो.

गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकार द्यावा लागतो,
नाहीतर तो मध्येच थांबतो.
बास थांबला नव्हता.

"किती देशील?"
मी खरा आकडा सांगितला,
दहा मिनिटांपूर्वी सांगितला नसता तो.
ती बराच वेळ नाण्याकडे बघत राहिली.
"मग ही नाही विकायची. ख्रिसमसच्या ने."

अकरा नेल्या. बर्फातून, छातीशी धरून.
घरी माझी प्रत लावली, दुसरी बाजू, तिसरी धून.
खुर्ची कुठेच नव्हती.