नकाशा क्रमांक सतरा

ट्रेसिंगच्या कापडाला आधी खडूची भुकटी चोळायची,
नाहीतर शाई धरत नाही.
हे मला फणसे काकांनी शिकवलं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.
मग विश्वामित्री काढायची.
तिच्यासाठी हात सैल सोडावा लागतो,
मनगट आवळलं की नदी चुकते.
वडसरपाशी ती वळते, पुन्हा वळते,
घरी काहीतरी विसरल्यासारखी मागे येते,
आणि दोन्ही अंगांना, बरीच लांब,
पूररेषा. निळी, तुटक.
त्या रेषेच्या आत तेव्हा एरंडाची शेतं होती, एक वीटभट्टी,
आणि एक देऊळ, ज्याला भिजायची सवय होती.

काका निवृत्त झाले. कापड गेलं, संगणक आला.
रेष माझ्याच हाती राहिली.
"हेमांगिनीबेन, जरा आत घ्या ने."
जरा म्हणजे किती,
ते साहेबांनी बोटाने पडद्यावर दाखवलं.
माऊसने रेष उचलताना वजन लागत नाही.
चाळीस मीटर.
दोन वर्षांनी आणखी साठ.

मग परदेशी पैशाचा अहवाल आला:
तापणारी हवा, विकसनशील देश, सहनशील शहरं.
हॉटेलात दोन दिवस चर्चा,
बाटलीतलं पाणी, शेवटी खांडवी.
एका पाहुण्याने विचारलं, ही रेष कशावरून?
सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी म्हटलं, नोंदींवरून.
कुठल्या नोंदी, ते त्याने विचारलं नाही.

ऑगस्टात आजव्याचं पाणी सुटलं,
आणि रात्री दोनला धर्मिष्ठाचा फोन:
आमच्या पार्किंगमध्ये मगर आहे गं.
धर्मिष्ठा माझी शाळेतली.
तो फ्लॅट तिला स्वस्तात मिळाला होता,
पेढे मीही खाल्ले होते.

पाणी उतरल्यावर गेले.
गाळात आडव्या पडलेल्या स्कूटरींमागे,
रॅम्पच्या कडेकडेने, डोळ्यांवर ओलं पोतं घेऊन
ती पडून होती.
दोर घेऊन बसलेला किरीटभाई म्हणाला,
सकाळपासून जागची हलली नाही.
मी देवळाचा कळस शोधला,
मग पुलाचा खांब,
मनातल्या मनात अंतर धरलं.
नाकापासून शेपटीपर्यंत
ती माझ्या पहिल्या रेषेवर झोपली होती.
तुटक नाही. सलग.

नव्या आराखड्यावर हरकती मागवल्या, मुदत तीस दिवस.
मी एक कोरा अर्ज घरी नेला.
जमिनीशी संबंध: मालक, भाडेकरू, इतर.
इतरवर खूण केली.
तपशील: इथे अंडी घालते.
किती वर्षांपासून: माहीत नाही, शहराच्या आधीपासून.
आठ दिवसांनी तो छाननीला
माझ्याच टेबलावर आला, शेरा मारून.
अर्जदाराची सही नाही. निकाली.
जावक क्रमांक मीच टाकला.

कपाटावरच्या गुंडाळीत जुनी नदी आहे,
कुणी मागत नाही.
धर्मिष्ठाने फ्लॅट विकायला काढलाय.
भिंतींना फिका पिस्ता रंग दिलाय, दोन हात,
जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतचा पट्टा आता दिसत नाही.
रविवारी एक जोडपं बघायला येणार आहे,
बाई पोटुशी आहे म्हणे.
तूही ये चहाला, म्हणाली,
तू नगर नियोजनातली, तुझ्या शब्दाला वजन आहे.
फक्त ते सांगू नकोस,
पाणी कुठवर आलं होतं ते.