उलटं चालणारा मुलगा

पहिल्या कॉलेजात एक मुलगा उलटं चालत होता.
तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे,
हातात पाण्याची बाटली, जिभेवर सगळी सनावळी:
ही इमारत कधीची, त्या घंटेला तडा कसा गेला,
वाचनालयात पुस्तकं किती लाख.
पायऱ्या आल्या, तरी अडखळला नाही.
मी मात्र त्याच्या टाचांकडेच बघत राहिलो,
पडलाच तर धरता यावा म्हणून.
ओडील म्हणाली, पापा, त्याला सवय आहे.

मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला आमचं शेत,
नदीपलीकडे कॅनडा.
सप्टेंबरात शाळा तीन आठवडे बंद, बटाटे काढायला.
दहा वर्षांची असल्यापासून ओडील यंत्रावर उभी राहून
पट्ट्यावरून येणारे दगड वेचते.
दगड की बटाटा, तिच्या हाताला कळतं, बघावं लागत नाही.
कॉलेजं मात्र टपालाने येतात, चकचकीत कागदावर,
प्रत्येकाच्या हिरवळीवर तीच चार पोरं हसत बसलेली.
त्यातला दगड कुठला?

शाळेतल्या मिस क्विंबीने तीन रकाने आखून दिले:
आवाक्याबाहेरचं, आवाक्यातलं, हमखास.
हमखास म्हणजे चाळीस मिनिटांवरचं.
ते बघायला आम्ही गेलोच नाही,
खतं आणायला जाताना रोज दिसतं.
माझं मत तिथेच होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

फॉर्मने विचारलं, वडिलांचं शिक्षण?
मी लिहिलं, अकरावी, अर्धी.
मग वर्षाला मी किती देऊ शकतो
ते त्यानेच हिशेब करून सांगितलं.
आकडा वाचून मला हसू आलं.
ब्लांश हसली नाही.
तिला आमचा रेमी आठवला असणार:
तो दीड वर्षात घरी आला,
त्याचं कर्ज अजून शिकतंय.

दुसऱ्या कॉलेजात ओडील हरवली.
तीनशे अकरा मैल गाडी हाकून आणलेली पोर
घोळक्यात दिसेना.
सापडली तळघरात.
पांढऱ्या दिव्याखाली एक मुलगी मातीच्या पुड्या तोलत होती,
करप्याबद्दल काहीतरी पुटपुटत.
वर न बघताच ओडीलला म्हणाली, जरा हे धर.
ओडीलने धरलं.
पाऊण तास ट्रे धरून उभी.
जेवताना मीठसुद्धा मागून न घेणारी माझी मुलगी
प्रश्न विचारत होती,
जे करप्याच्या वर्षी
अर्धं शेत काळं पडताना
मी कुणालाच विचारले नव्हते.
कुणाला विचारायचे असतात, तेच ठाऊक नव्हतं.

मी दारातच थांबलो. टोपी काढली,
का, ते सांगता येणार नाही.

परतताना ती बोलली नाही.
पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा दिसलं,
तिच्या नखांत परकी माती.

एप्रिलमध्ये पत्र आलं: घेतलंय.
खाली आकडा.
तिने स्वतः पत्र लिहिलं, मला दाखवलं नाही.
त्यांनी चौदा हजार कमी केले. उरले नऊ.
ते कुठून येणार, मला अजून माहीत नाही.
उन्हाळ्यात ती शीतगृहात रात्रपाळी करणार म्हणते,
ब्लांश म्हणते, बघू.
आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे होकारही असतो
आणि नकारही.

काल रात्री, मुदत संपायला एक तास असताना,
जिन्यावर बसून मी ऐकलं.
स्वयंपाकघरात तिने एक बटण दाबलं.
टक्, एवढाच आवाज.
मग फ्रीजचं दार उघडलं, दूध ओतलं.

आज सकाळी बियाणं भरायला
मी ट्रक वखारीत उलटा घेत होतो.
दाराच्या दोन्ही अंगांना वीतभर जागा.
आरशात ओडील, पाठ अंधाराकडे,
मागे मागे सरकत, हात हलवत:
ये, पापा. अजून ये.
मी भिंतीकडे बघितलं नाही,
फक्त त्या हाताकडे.
अजून. अजून थोडं.
मग तळवा उभा झाला.
बस.