जावळ

दारूखान्यात जहाज मोडलं की
आधी गाद्या निघतात, मग ताटं, मग नळाच्या तोट्या,
आणि सगळ्यात शेवटी, कुणालाच नको असलेली
पुस्तकं.
भाऊ गॅस-कटरवर होता. म्हणाला, किलोवर देत होते,
तुझ्यासाठी पाव किलो आणलं.

मुखपृष्ठ नव्हतं. खारं पाणी पिऊन पानं फुगलेली.
शेवटची नऊ गायब, समुद्रात किंवा भट्टीत.
मागे एका बाईचा फोटो :
कपाळ आमच्या मावशीसारखं रुंद,
कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की तोच तिचं देणं लागतो.
लूएला प्रायर. खाली चार ओळींत आयुष्य.
जॉर्जियातल्या कापसाच्या मुलखात जन्म,
अकराव्या वर्षी शाळा सुटली,
बत्तीस वर्षं हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्री,
शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांवर कविता,
पहिलं पुस्तक
पन्नाशीला चार महिने कमी असताना.

मी तेव्हा एकोणीस. संध्याकाळी रात्रीचं कॉलेज,
दिवसा रे रोडच्या वखारीत बोल्टांचा हिशेब.
डिक्शनरी पतपेढीच्या बक्षिसात मिळालेली.
रोज एक ओळ. कधी अर्धीच.

तिचं एक वाक्य हिशेबवहीच्या मागच्या पानावर उतरवलं :
"आधी माझं नाव नीट घे.
मग कीव करायची की नाही, ते दोघी मिळून ठरवू."
शेठ मला "ए पोरी" म्हणायचा.
दुसऱ्या दिवशी मला ऐकूच आलं नाही.
तिसऱ्या दिवशीही.
आठवड्याने घसा खाकरून म्हणाला,
"रत्नमाला, चलन कुठाय?"
पगार तेवढाच राहिला.

एक कविता मात्र अडून बसली.
"माझ्या स्वयंपाकघराला हात लावू नका," ती म्हणते,
"तिथे तापलेलं लोखंड चालत नाही,
तिथे माझी आजी अजून राहते."
मी चूल घातली, फळी घातली, धुरकटलेली भिंत घातली.
नायगावला एका सभेत वाचली, लोक वा म्हणाले.
मलाच ती कच्ची लागली.
लोखंड चालत नाही असं कुठलं स्वयंपाकघर?
तवा तरी असेल ना.

पुढे बॅलार्ड पियरला, खलाशांच्या क्लबात
एक बाई भेटली, मालवाहू जहाजावर स्वयंपाक करणारी,
लूएलाच्याच मुलखातली, लूएलाच्याच रंगाची.
पान पुढे केलं. ती हसली, हसता हसता चहा सांडला,
मग वेण्या वर उचलून
तिने मानेमागे बोट ठेवलं :
हे इथले केस. सगळ्यात घट्ट, सगळ्यात हट्टी.
सरळ करायला तापलेली फणी फिरवतात,
इथले परत वळतात. ह्यांना आम्ही ते नाव ठेवलंय.

अकरा वर्षं मी एका बाईच्या मानेवर
चूल मांडून बसले होते.

घरी आले तर शब्द मिळेना.
कुरळ, बट, लव, सगळे
पावडर लावून आलेल्या पाहुण्यांसारखे.
आईला तेल लावत होते. तिला अक्षर येत नाही,
गोदीच्या वखारी झाडून पाठ वाकलेली.
सहज विचारलं, मानेवरच्या ह्या केसांना काय म्हणायचं गं?
"जावळ," म्हणाली. "बाकीचं उतरतं,
तिथलं न्हाव्याला सापडत नाही.
म्हातारपणीही राहतं, आईच्या पोटातलं."

तेलकट बोटांनीच वही उघडली.
माझ्या जावळाला हात लावू नका.
तेलाचा डाग अजून आहे त्या पानावर.

"कोण गं ही?" आईने विचारलं.
लूएला, म्हटलं. लू-ए-ला.
तिने दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा नीट घेतलं.
"मग?"
मग आता कीव करायची की नाही, ते ठरवायचं.
"हट्," म्हणाली,
"आधी माझी वेणी पुरी कर."