मोजणी

बेलापूरच्या खाडीकडे, बुजवलेल्या विहिरीपाशी
एक दगड. वर चंद्र, सूर्य;
मधली अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली;
खाली गाढव, आणि एक शिवी
अडाण्यालाही कळेल अशी कोरलेली:
जो ही जमीन हिरावेल, त्याच्या आईला.

धाकलीबाई भोईर त्यावर सोडे वाळवते.
"चंद्र हाय, सूर्य हाय," म्हणते,
"शेताचा तवरा सेक्टर झाला."

मी फीत सोडतो, ती टोक धरून उभी.
मिठागरात चिखल उपसला ते घमेलं फिरंग्यांचं,
त्याचा पगारही त्यांचाच शब्द.
जमीन, मालक, वारस घोड्यांवरून आले;
नोटीस गोऱ्या साहेबाची, अजून तिच्या उशाखाली.
एवढ्या राज्यांनी तोंडात काय काय ठेवलं
आणि हातातलं उचललं.
शिवी तेवढी इथली.

पंचनाम्यात दगडाला रकाना नाही.
"अनधिकृत बांधकाम, नग एक," मी लिहितो.
"काय लिवलास र?"
"तुझं नाव, बाय."

सोड्यांचा वास हाताला होताच.
घरी आलो. आई परातीत भाकरी थापत होती.
काही न बोलता तिच्या पाया पडलो.

"आज कसला सण?" ती म्हणाली.