बेडका

रजिस्टरला सात रकाने होते. मी भरायचो.
अनुक्रमांक, नाव, वय, गाव,
मग एक चिंचोळा: पु किंवा स्त्री,
मग नमुना कसा आहे, मग निकाल.
जिंतूरचा सरकारी दवाखाना, मागची खोली,
फुक्सिनानं बोटं कायम लाल.
लग्नात लोक विचारायचे,
नवरदेवाचे भाऊ का हो तुम्ही?

पुरुष डबी हातात घेतली की
खिडकीबाहेर तोंड काढून असे खाकरायचे
की गोळ्यांच्या रांगेतलं पोर दचकायचं.
घट्ट, पिवळा, कधी लाल तार असलेला,
छातीच्या तळातला ऐवज.
काचेवर पसरायचा थालीपीठ थापावं तसा.
मग भिंगाखाली निळ्या रानात गुलाबी काड्या.
दोन प्लस. तीन प्लस. पु. पु. पु.

बायका डबी पदराखाली न्यायच्या.
परत आणायच्या तेव्हा झाकण घट्ट,
आत पाण्यासारखी लाळ, वर फेस,
एखादा मिश्रीचा कण.
मी लिहायचो: लाळ. पुढे: जंतू नाहीत.
नाहीत म्हणजे मला दिसले नाहीत,
एवढं लिहायला रकान्यात जागा नव्हती.

चारठाण्याची प्रयागबाई तीनदा आली.
एकदा वेचणी बुडवून,
एकदा भावजयीच्या बाळंतपणाचं निमित्त सांगून,
तिसऱ्यांदा काय सांगून, ते बोलली नाही.
बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायच्या.
तिन्ही वेळा लाळ. तिन्ही वेळा माझं तेच वळणदार अक्षर,
आणि डॉक्टरांचं खोकल्याचं लाल औषध.
तिच्या नवऱ्याला आदल्या साली इथंच सापडला होता,
पहिल्या दिवशी, पहिल्या डबीत.
तेव्हा फाईल तिनंच धरली होती,
सहा महिने गोळ्या तिनंच मोजल्या होत्या.

चौथ्यांदा आली तेव्हा गयाबाई फरशी पुसत होती.
फडकं तसंच टाकून मला म्हणाली,
"साहेब, तुमी सांगता तरी काय बायांना?"
सांगायचो ते सांगितलं: डबीत थुंका.
"मंग थुंकायल्यात की त्या."

तिनं प्रयागबाईला दंडाला धरून मागं नेलं,
पाण्याच्या टाकीपल्याड, मोडक्या खाटा पडल्यात तिथं.
मला खिडकीतून ऐकू येत होतं.
"हितं कुणी न्हाई. सासू न्हाई, दीर न्हाई.
हुंदका कुठून येतो? तिथून काढ.
माय म्हणली आसंल, पोरीच्या जातीनं खाकरू नाई.
म्हणली आसंल. आता खाकर."

आधी काहीच नाही.
मग कोरडा आवाज, फुगलेलं दार घासावं तसा.
मग शांत. वाटलं, रडतेय.
आणि मग असा खाकारा
की टाकीवरच्या साळुंक्या उडाल्या.
"आं माय! आजून एकदा."

तीन प्लस.
विसाव्या नजरेतच कळलं होतं.
तरी मी शंभर मोजल्या,
कशासाठी, माहीत नाही.

संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढली.
बोरी, स्त्री, लाळ. येलदरी, स्त्री, लाळ.
तिसऱ्या पानावर मोजणं सोडलं.
दिवे गेले होते, असं मी घरी सांगितलं.

त्यानंतर बायका आधी टाकीपल्याड जायच्या.
गयाबाईच्या हजेरीपटात या कामाला नाव नाही.
मी एकदा वरती लिहून पाठवलं,
उत्तरात डब्यांचा हिशोब मागितला.

प्रयागबाईनं निकालाचा कागद घेतला नाही.
"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाली,
गोळ्या मात्र बांगड्यांच्या खोक्यात भरून नेल्या.

परवा बसस्टँडवर दिसली, अंगानं भरलेली.
तिनं ओळख दाखवली नाही, मीही नाही.
येलदरीच्या गाडीत चढताना
भर गर्दीत तिनं मोठ्यानं घसा साफ केला.
बहुतेक धुळीनं.