आज किती

बोडोच्या धक्क्यावर नोव्हेंबर. दुपारचे तीन
आणि काळोख.
मच्छीमार संघाच्या कचेरीत ओड्नी बोटींची ओळ बघते आहे :
एकोणीस बोटी, पहिलीचा क्रमांक शून्य.

शून्यच का, खजिनदार दरवर्षी विचारतो.
धक्क्याच्या टोकापासून किती पावलं चालायचं, तेवढाच तो आकडा,
ती म्हणते. पहिल्या बोटीपाशी तुम्ही उभेच असता.

रात्री फेरा सुटतो.
प्रत्येकीला एकच प्रश्न : आज किती?
ट्रॉलर टनांत बोलतो, जाळीवाली किलोत,
लांब दोरीची बोट आधी बर्फाचं वजन वजा करते, मगच तोंड उघडते.
फेऱ्याला हे माहीत नसतं.
कुणाच्या पोटात काय, ते उकरायचं नाही,
विचारायचं, ऐकायचं,
पुढे.

ऑक्टोबरात 'टेर्ना' भंगारात गेली. क्रमांक सहा.
ओड्नीने फेऱ्यातच एक अट घातली :
भंगारातली दिसली की ओळीतून काढ.
टेर्ना निघाली. मागच्या साऱ्या एकेक जागा पुढे सरकल्या,
सातवी सहावर आली,
आणि फेरा तोवर सातकडे पाऊल टाकून मोकळा.

रोज रात्री ओळ नव्याने भरायची,
रोज टेर्ना निघायची,
रोज तिची शेजारीण राहून जायची.
काही वाजलं नाही. कुठे लाल अक्षर नाही.

तीन आठवड्यांनी आज आस्लाक आला, लोकरी टोपी हातात.
कॉड तर मी रोज उतरवला, म्हणाला. एवढंच.
टेर्ना त्याच्या भावाची.
बत्तीस वर्षं दोघींचे दोर एकाच खुंटाला.

उलटं चालायचं, ओड्नी समजावते, अठरापासून शून्याकडे,
म्हणजे सरकतील त्या आधीच विचारून झालेल्या.
बोटांनी टेबलावर कॉफीचे कप सरकवून दाखवते.
आस्लाक कपांकडे बघत राहतो.

काढताच कशाला, म्हणतो. असू दे ना तिथे.
विचारा तिलाही.

ओड्नीचं बोट कळीवर थांबतं.
मग ती फेरा तसाच ठेवते, सुलटा,
आणि ती अट पुसून टाकते.

पाच. आज किती? दोनशे सत्तर.
सहा. आज किती?
शून्य.
सात —
आस्लाक टोपी घालतो, पण उठत नाही.